रफूचं दुकान कोणाचं

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा रफूकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. आमच्या थोरल्याला शंका असेल तर त्याने त्यांनाच विचारावं.

राहतं घर दोन्ही लेकांना निम्मं निम्मं. धाकटा आता नाही, म्हणून त्याचा वाटा त्याच्या बायकोचा. "मी माहेरी जाते आई, माझं इथे काय आहे?" असं ती हल्ली म्हणते. हे आहे तिचं इथे.

शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याने मी रफू केलेली बाही इस्त्रीने जाळून "आली तशीच होती" असं गिऱ्हाइकासमोर म्हटलं होतं. ते मी माफ केलं आहे. विसरले नाही.

आता दुकान. थोरला म्हणतो ते त्याला मिळावं, कारण रफूचं शास्त्र त्याला कळतं. कळतं, खरंच. कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा कसा काढायचा, उभा कधी, आडवा कधी, तो तासभर सांगेल. धाकटीला, म्हणजे धाकट्याच्या बायकोला, विचारलं तर म्हणते, "काय माहीत, हात जातो तसा." यावरून त्याने ठरवलं की ती नुसती माझी नक्कल करते, डोकं चालवत नाही.

मागे मास्तरांचा जुना कोट आला, दोन्ही कोपरांना भोकं. एक कोपर त्याने केलं, एक तिने. त्याचं काम घट्ट, सरळ, नियमाला धरून; विरलेल्या कापडात ते ठिगळासारखं उठून दिसलं. तिने धागे सैल सोडले होते. मास्तरांना चष्मा लावूनही भोक सापडेना.

"सैल का सोडलेस गं?" मी विचारलं.

"कापड थकलंय ना, आई." एवढंच म्हणाली.

थोरला म्हणाला, "मग तसा नियम लिहून दे मला." मी बसले लिहायला. जुनं कापड असेल तर सैल. पण किती जुनं? त्याला दुसरा नियम. तो कधी लावायचा, त्याला तिसरा. शेवटी कंटाळून कागद टाकला आणि सुई घेतली. धाकटीचं डोकं तिच्या बोटांत चालतं आणि फार चांगलं चालतं, एवढं मी शपथेवर सांगते.

म्हणून दुकान, सुया, भिंगाचा दिवा आणि सगळी गिऱ्हाइकं धाकट्या सुनेला. अट एकच. थोरला शिकायला आला तर त्याला शेजारी बसवून घ्यावं, आणि त्याचं चुकलेलं काम त्याच्यादेखत उसवावं.

थोरल्या, तुला राग येईल. येऊ दे, पण तू जा तिच्याकडे. बोटं चांगली आहेत तुझी. तुझा टाका उसवायला माझा हात कधी धजला नाही रे, लेकरा. तिचा धजेल.

सही : रफूवाली
साक्षीदार : १) डॉक्टरीणबाई २) लॉन्ड्रीवाला (वाचून, मान्य करून)
ठिकाण : दुकानात, खिडकीपाशी
दिनांक : ९ फेब्रुवारी, सोमवार