मरणासाठी रंगवलेले घर

मी, अराबा मेन्सिमा ब्रू, वय बासष्ट, अविवाहित, राहणार केप कोस्ट, धंदा नाटकात काम करणे, पवित्र मातेला स्मरून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, असे डॉक्टर म्हणतात. पण मृत्युपत्राला डोके पुरते. कोणाच्या धाकाने वा आग्रहाने लिहीत नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सर्व काही माझ्या कुळाला, म्हणजे आमच्या रीतीने आईकडच्या माणसांना, दिले होते.

१. माझी पुस्तके, मोठा आरसा आणि रंगाची पेटी मिशनच्या मुलींच्या शाळेला द्यावी. तिथल्याच सभागृहात, मेणबत्त्यांच्या आणि ओल्या फरशीच्या वासात, मी एका हुतात्मा संतिणीचे काम करताना पहिल्यांदा मेले. नन्स रडल्या. पुढे त्याच विद्येवर पोट भरायला निघाले, तेव्हा त्यांनीच माझ्या आत्म्यासाठी नऊ दिवस प्रार्थना धरली. त्यांच्यावर राग नाही. शब्दाचा शेवट गिळायचा नाही, हे त्यांनी शिकवले. अट एकच: मुलींना सगळ्याच भूमिका संतांच्या देऊ नयेत.

२. माझी सर्व वस्त्रे, डोईचे रुमाल, मणी आणि बँकेतील शिल्लक कोबिना अन्सा यास द्यावी. मी 'सी स्टार्स' नाटक मंडळीत गेले तेव्हा नायिका तोच होता. बायकांची कामे पुरुषच करत. पहिल्या दिवशी मला चालून दाखवायला सांगून तो पोट धरून हसला. "पोरी, तू बाई आहेस हे दिसतंय, पण चालतेस ननसारखी. ये, माझ्यामागून चाल." तेव्हापासून मंडळीत माझे नाव 'सिस्टर' पडले. वर्षभरात त्याच्या भूमिका माझ्याकडे आल्या आणि त्याच्याकडे दारावरची तिकिटे. पुढे अक्रापासून कुमासीपर्यंत भिंतींवर माझी चित्रे लागली. त्याचे एकही लागले नाही. "रडतेस छान, सिस्टर," तो म्हणायचा, "पण नाक मी जास्त चांगलं पुसायचो." खरे आहे. वस्त्र नेसायला मला त्याने शिकवले, म्हणून शेवटचे वस्त्र त्यानेच नेसवावे. कुळातल्या म्हाताऱ्यांना यात अब्रू गेल्यासारखे वाटेल. वाटू द्यावे.

३. माझा मावसभाऊ आणि कुळाचा प्रमुख एबो यास मी काही देत नाही. कारण लिहून ठेवते, म्हणजे कोणी माझ्या नावाने दुसरे सांगणार नाही.

माझी आई कुळाच्या घरात मागच्या खोलीत राहत असे. छप्पर गळायचे. मी पत्रे पाठवले. ते एबोच्या दुकानावर चढले. विचारले तर म्हणाला, "नाटकवालीच्या पैशाचं छप्पर वाडवडिलांच्या घरावर? लोक काय म्हणतील?" त्याच पैशाच्या छपराखाली तो साबण विकत बसला. आई गेली तेव्हा तिच्या पायथ्याशी पाण्याचे घमेले होते. मी कुमासीत प्रयोग करत होते. मला निरोप मिळाला तो तिला पुरल्यानंतर.

गेल्या वर्षी सेकोंदीत मी टाकून दिलेल्या आईचे काम करत होते. ती उपाशी मरायला टेकली की प्रेक्षक वर चढतात, तोंडात घास घालतात, घामाच्या कपाळाला नाणी चिकटवतात; आमच्याकडे रीतच आहे. त्या दिवशी मी खरीच कोसळले आणि टाळ्या पडल्या. पाववाली अजोआ पाव भरवायला आली, तिला कळले. "अगं, हिचा जबडा मिटलाय! ही नाटक नाही करत! गाडी आणा!" त्या पावाने नाही, पण त्या ओरडण्याने मी वाचले.

रुग्णालयात कोबिना रोज माशाचे सार आणायचा. कुळातले कोणी फिरकले नाही. बरी झाल्यावर वाटले, आईच्या खोलीत घटकाभर बसावे. गाडी दाराशी थांबली. घर बाहेरून आतून पांढरे-निळे रंगवलेले. आईच्या खोलीवर कोरे पत्रे. अंगणात मंडपाचे खांब आणि शिडीखाली एबो.

"अराबा? बरी आहेस होय! मग निरोप नाही का धाडायचा? आम्हाला कळलं तू गेलीस. आता मंडपवाल्याला काय सांगू?"

"आईच्या खोलीवर पत्रे कधी चढले?"

"अगं, तुला तिथेच ठेवणार होतो, पितळी पलंगावर, राणीच्या वेषात. अख्खा गाव बघायला येणार. गळकं छप्पर कसं चालेल?" मग भिंतीकडे हात करून म्हणाला, "आलीच आहेस तर रंग बघ. आवडला?"

रंग चांगला होता. म्हणून जास्त लागले.

४. वकील म्हणतात, प्रेत ही मालमत्ता नव्हे. ते मृत्युपत्रात देता येत नाही, रीतीप्रमाणे ते कुळाचे. ठीक. पण टेकडीवरचे माझे घर मी माझ्या कमाईने बांधले आहे, ते देता येते. कुळाने माझे प्रेत मी मरेन त्याच दिवशी, बर्फात न ठेवता, न मिरवता, न नटवता मिशनच्या शाळेच्या मदर फिलोमिना यांच्या स्वाधीन करावे. त्या मला मिशनच्या दफनभूमीत पुरतील. तसे केल्यास घर कुळाला मिळेल. पलंगावर मांडल्यास घर शाळेला जाईल. आयुष्यभर मी मरून दाखवले. आता मेल्यावर पुन्हा दाखवणार नाही. काय निवडायचे ते कुळाने वकिलांसमोर सांगावे.

५. हे कलम कुळाचे उत्तर मिळाल्यावरच वाचावे. ते घर निवडतील, मला ठाऊक आहे. परंतु त्यांच्यापैकी कोणी, मोठे असो वा शेंबडे पोर, घराचे नाव न काढता म्हणाले की "अराबाला तिच्या आईशेजारी ठेवा", तर कलम चार रद्द समजावे. मला निमूटपणे आईशेजारी पुरावे आणि घर त्या एकट्याला द्यावे. कोणीच म्हणाले नाही, तर मिशनची दफनभूमी वाईट नाही. तिथून समुद्र ऐकू येतो.

कोबिना साक्षीदार म्हणून सही करायला नवा सदरा घालून आला होता. ज्याला मिळणार त्याने सही करायची नसते, असे वकिलांनी सांगितले. "म्हणजे हाही पार्ट गेला," तो म्हणाला, आणि दाराशी जाऊन बसला.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

सही: अराबा मेन्सिमा ब्रू

साक्षीदार: अजोआ एसुमन, पाववाली, सेकोंदी (अंगठा)
साक्षीदार: फ्रान्सिस आर्को, शिक्षक, केप कोस्ट

केप कोस्ट, ता. ९ फेब्रुवारी १९९८