ग्लेन फेर्नाची पंचायत

ग्लेन फेर्ना, ९ ऑक्टोबर १९७९

चि. नेटास, इशबेलवहिनीचे अनेक आशीर्वाद.

सोमवारी सकाळी शेगडीतली राख काढली, कोंबड्यांना दाणा टाकला आणि ओट्सची लापशी ढवळत होते, तेवढ्यात पोस्टमन बातमी घेऊन दारात. लापशी करपली, पण बातमीच तशी होती. आपली पंचायत बुडणार!

सात जागांसाठी एकही अर्ज धड नाही, म्हणून आपलं खोरं डोंगरापलीकडच्या किनब्रेकला जोडणार म्हणे. आपले ओढे पश्चिमेच्या समुद्राला जातात, त्यांचे पूर्वेच्या. तिकडे ऊन असतं तेव्हा इथला रस्ता बर्फाखाली असतो. रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी आपल्याकडे कधी यावी, ते त्यांनी ठरवायचं?

आणि कारण ऐक. प्रत्येकाने शेजाऱ्याचं नाव दिलं, स्वतःच्या नावापुढे सही कुणीच केली नाही. आपण होऊन उभं राहणं म्हणजे मिरवणं ना! तुझे दादा घरोघरी जाऊन एकेकाला दोन-दोनदा विचारायचे. यंदा विचारायला ते नाहीत. दुकानवाली एफी फणकारली, "मला विचारलं कुणी?"

शुक्रवार, एकोणीसपर्यंत मुदत आहे. निदान चार सह्या हव्यात. मी दारोदार फिरतेय. माझं नाव विचारू नकोस. त्यांच्या खुर्चीत मी बसायची नाही.

तुझी,
इशबेलवहिनी

अ‍ॅबरडीन, १३ ऑक्टोबर

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात नाचले. गावभर सह्या मागत फिरतेस आणि स्वतः दाराआड! फिरत्या ग्रंथालयाची गाडी तू वाचून रिकामी केलीस. दादा बैठकीला जाताना तुलाच विचारून जायचा, हे त्यानेच मला सांगितलंय. खुर्ची त्याची नव्हती गं, खोऱ्याची होती.

तर आता रीतसर विचारते. वहिनी, उभी राहशील? आणि हे दुसऱ्यांदा. राहशील?

माया केलीस तशीच करत राहा.
नेटा

ग्लेन फेर्ना, १८ ऑक्टोबर

चि. नेटास अनेक आशीर्वाद.

तीन सह्या झाल्या! एफीने कुरकुरत केली, मेंढपाळ टॉर्किलने टोपी काढून केली, मास्तरीणबाईंनी बायबलवर हात ठेवावा तशी केली. चौथं दार सापडत नाही. तुझं पत्र वाचून आधी रडले, मग दादांच्या कोटाची बटणं लावत बसले. तो कोट अजून खुंटीवरच आहे.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
इशबेलवहिनी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने कचेरीत गेले आणि माझ्या नावापुढे सही केली.