नाताळबाबा कोणाचा नोकर?

लीड्स, ९ जानेवारी

प्रिय डॅड,

पाठ कशी आहे? तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून आईला विचारलं. "जिना चढतो, पण प्रत्येक पायरीला एक शिवी देतो," असं ती म्हणाली. म्हणजे सुधारणा आहे. मी बरी आहे. खोलीतला हीटर अखेर चालू झाला आणि आता बंदच होत नाही. खिडकी उघडी टाकून अभ्यास करते.

काल मिस्टर क्रॅब्ट्रींना फोन केला होता. रागावू नकोस. त्यांच्याच रोपांच्या दुकानात नाताळबाबा होऊन बसला असताना, एका धष्टपुष्ट पोराला मांडीवर घेताना तुझी पाठ दुखावली, तेव्हा आजारपणाचा पगार त्यांनी द्यायला हवा, असं मी म्हटलं.

"तुझे वडील माझे नोकर नाहीत, पोरी," ते म्हणाले. "स्वतंत्र व्यावसायिक आहेत. करार वाच. तूच लिहिलायस ना? फार छान लिहिलायस."

तोच करार, डॅड. दाढी तुझी, खुर्ची तुझी, वेळ तू ठरवणार, आणि जमलं नाही तर बदली माणूस पाठवणार. दाढी नि पेट्रोल, दोन्ही करातून वजा. कायद्याच्या पदवीनंतरचं माझं पहिलं काम ते.

पण कायदा कागदाबरोबर प्रत्यक्षात काय घडलं हेही बघतो. मी यादी केली आहे. बसायच्या वेळा क्रॅब्ट्रींनी भिंतीवर लावल्या होत्या. चहाला जायचं तर त्यांना विचारायचं. कुठल्याही मुलाला भेट म्हणून घोडा कबूल करायचा नाही. हसायचं तीनदाच, चौथ्यांदा हसलास तर रांग थांबते. आणि तुझ्या जागी व्हेरा आत्या गेली, तर तिला परत पाठवलं. आत्या सांगते, "मला म्हणाला, घरी जा व्हेरा, मुलं घाबरतील. मी म्हटलं, माझी दाढी तुझ्या मिशीपेक्षा बरी दिसते." हे सगळं कामगार न्यायाधिकरणापुढे मांडलं, तर तू नोकर ठरशील. सुट्टीचा पगारही मिळेल. दाढीची वजावट मात्र जाईल.

अर्जावर फक्त तुझी सही हवी. तू ती का करत नाहीस, हे मला कळतं. तीस वर्षं तू मासे गोठवायच्या कारखान्यात भोंग्यावर उठलास नि भोंग्यावर बसलास. या हिवाळ्यात पहिल्यांदा पबमध्ये 'मी माझा मालक' म्हणालास. कार्डं छापलीस. आणि आता तुझीच पोरगी म्हणते, लिहून दे की मला हसायलासुद्धा परवानगी लागत होती.

एक गोष्ट मी अजून टाळते आहे. करार लिहिताना मी माझ्या वहीत लिहिलं होतं: 'आजारी पडल्यास काहीही मिळणार नाही.' खाली दोन रेघा मारल्या होत्या. तुला ते सांगायला म्हणूनच त्या रविवारी घरी आले होते. तू दारातच कार्ड हातात दिलंस. त्यावर तुझं नाव सोनेरी अक्षरांत होतं. मी म्हटलं, "छान आहे," आणि जेवायला बसले.

क्रॅब्ट्रींनी तुला फसवलं असं आईला वाटतं. त्यांनी फक्त सही केली. माहीत मला होतं.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते आहे. अर्ज आणेन, पण पिशवीतच ठेवेन. तू म्हणालास तरच बाहेर काढेन, आणि नाही म्हणालास तर तुझ्या बाजूचा निकाल समजून गप्प बसेन. या वेळी मात्र सही करण्याआधी सगळं वाचून दाखवेन, दोन रेघा मारलेलं सुद्धा. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. चहा बाहेर आणून द्यायचं आईने कबूल केलं आहे, आणि ती म्हणते, तू खिडकीतून बघत बसशील.

तुझी, पदवी घेऊनही तुझ्याशी खरं बोलायला तीन महिने लावलेली,
हेस्टर