मागचे, ऐकताय ना?

दि. ४ डिसेंबर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे आम्ही तिघंही ठीक. वहिनीच्या शिलाईमशीनचा पट्टा पुन्हा तुटला आणि तुझी भाची भिंगरी नावाला जागून दिवसभर घरात ठरत नाही. तुझ्या खोकल्याचं काय झालं ते कळव.

आता मुद्द्याचं. रविवारी तुमच्या पाहणीतली चष्मेवाली मुलगी आमच्या वस्तीत आली होती. कोणतं मूल शाळेत जातं, कोणतं जात नाही, आणि जाणाऱ्याला वाचता किती येतं, हे ती घरोघर बघत होती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तिला उंबऱ्यातच दिलं. वस्तीतलं एकही मूल शाळेबाहेर नाही. कुणाच्या आईच्या दारात बसून, कुणाच्या बापाच्या मागे फिरून मी ही नावं पटावर आणली, हे तुला ठाऊक आहे. एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत मला अभिमान आहे तो एवढाच.

मग तिनं भिंगरीपुढे कागद ठेवला. त्यावर अक्षरं, सुटे शब्द, चार ओळींचा उतारा आणि एक छोटी गोष्ट, तीही दुसरीच्या मुलांना जमावी अशी. भिंगरी चौथीत, पण अनोळखी माणूस बघून बावरली. मी म्हटलं, पुस्तकातला धडा वाचायला सांगा. तो तिनं नळ सोडल्यासारखा वाचला. तरी त्या मुलीनं खूण केली ती 'अक्षरं' या रकान्यात. वहिनीनं स्वतः पाहिलं. म्हणजे गुरुजींच्या पोरीला साधा शब्द वाचता येत नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला सांगू. हे कागद तपासायला तुझ्याच टेबलावर येतात. तेवढी खूण दुरुस्त करून टाक.

लोभही आहे आणि रागही, दोन्ही एकाच पाकिटातून पाठवतोय.

तुझा
दादा

---

दि. १३ डिसेंबर

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. खोकला गेला, आवाज अजून घोगरा आहे. ऑफिसातले लोक म्हणतात, आता ऐकायला बरं वाटतं.

खूण मी बदलणार नाही. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू डोक्यात राख न घालता वाचशील. मी चष्मेवालीला बोलावून विचारलं. भिंगरीनं धडा फार छान वाचला, असं तीही म्हणाली. आवाजात चढउतार, थांबायचं तिथे थांबणं, सगळं जागच्या जागी. फक्त दोनदा वाक्य संपल्यावर ती म्हणाली, मागचे, ऐकताय ना. चष्मेवालीनं पुस्तकात पुन्हा पुन्हा पाहिलं. तसं तिथे काही छापलेलं नव्हतं.

दादा, मी आधी पोट धरून हसले. तू वर्गात वाचताना दर चार ओळींनी मागच्या बाकांना काय म्हणतोस, ते मला कुणी सांगायला नको. लहानपणी घरात तुझी शाळा भरायची आणि मागचा बाक म्हणजे मीच असायचे. मग हसू थांबलं. तीन वर्षांची असल्यापासून भिंगरी तुझ्या वर्गात येऊन बसते. एकेक धडा तिनं किती वेळा ऐकला असेल. तिला तो येतो, पण कानानं येतो. आमचा कागद अनोळखी होता असं तुझं म्हणणं. अनोळखी असावा म्हणूनच तो काढलाय.

तू स्वतः एकदा बघ. तिनं कधी न ऐकलेलं वाक्य पाटीवर लिही आणि गप्प राहा. हे दुसरं तुला जड जाईल.

हे वाचून रागावलास तरी चालेल, पण पत्रं लिहिणं बंद करू नकोस.

तुझी
धाकटी

---

दि. २ जानेवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. आठवडाभर तुझं पत्र उघडायचो आणि परत मिटायचो. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात भिंगरीला पाटी दिली. त्यावर लिहिलं होतं, कुत्रं बाकाखाली झोपलं. तिनं पहिलं अक्षर ओळखलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी गप्प. तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. नकळत माझे ओठ हलले असावेत, कारण लगेच ती 'कुत्रं' म्हणाली. पुढचं मनानं जोडलं. कुत्रं भुंकतं, म्हणाली, आणि शाबासकीसाठी थांबली.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. वहिनी म्हणाली की पोर वाचते, फक्त पाटी नाही, तुमचा चेहरा वाचते. दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गाला तशीच पाटी दाखवली. निम्म्याहून जास्त पोरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांची नावं पटावर आणायला मी चपला झिजवल्या आणि आत आणून त्यांना नुसतं ऐकायला शिकवलं.

पण आज मनात राग नाही. घरचं माणूस तोंडावर सांगणारं असलं की किती बरं, हे मला या वयात कळतंय. दुसऱ्या कुणी माझं मन राखून ती खूण पुसली असती, तर भिंगरी अशीच सातवीपर्यंत गेली असती. तुझे आणि त्या चष्मेवालीचे उपकार मी विसरणार नाही. तिला माझा नमस्कार सांग. त्या दिवशी मी तिला साधं पाणीही विचारलं नाही, तेही सांग.

आता पुढे काय करायचं ते शिकव. लाज बाजूला ठेवून विचारतोय.

लोभ तर आहेच, आता त्यात थोडा धाकही मिसळलाय.

तुझा
दादा

---

दि. ११ जानेवारी

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र चष्मेवालीला वाचून दाखवलं. तिनं चष्मा काढून पुसला आणि कामाला लागली.

शाळेला निघताना मी पळून गेले की तू मला खांद्यावर टाकून न्यायचास. वाटेतल्या प्रत्येक दुकानाची पाटी मला वाचायला लावायचास आणि आली नाही तर पुढे पाऊल टाकायचा नाहीस. आज मी हे काम करते ते त्या पाट्यांमुळे. तेव्हा उपकारांची भाषा माझ्याशी करू नकोस, तुझे मला फेडता येणार नाहीत. पोरं शाळेत आणणं सोपं नव्हतं. ती आली म्हणून तर आज त्यांना शिकवायची सोय आहे.

रोज एक तास इयत्ता विसर. ज्यांना अक्षरं येतात त्यांचा एक घोळका, शब्द येतात त्यांचा दुसरा, असे बसव. आणि मूल वाचत असताना तू त्याच्या मागे बस, म्हणजे त्याला तुझं तोंड दिसणार नाही. हाताची घडी, तोंडावर बोट, ही शिस्त आता तुझ्यासाठी. अडलं तर अडू दे.

वहिनीला सांग, तुला गप्प बसवायचं श्रेय अर्धं माझं.

तुझी
धाकटी

---

दि. २६ एप्रिल

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मशीनचा नवा पट्टा आला, वहिनीचा जीव भांड्यात पडला.

मागच्या आठवड्यात तपासणीला साहेब आले. पोरं अडखळत, बोट ठेवून, घाम पुसत वाचत होती. साहेबांचं तोंड उतरलं. गेल्या वर्षी कशी घडाघडा वाचत होती, असं ते म्हणाले. मी सांगितलं, साहेब, गेल्या वर्षी मी वाचत होतो. त्यांना किती कळलं कोण जाणे. जाताना त्यांनी एका पोराकडून आणखी दोन ओळी वाचून घेतल्या आणि तो अडला तेव्हा थांबले.

भिंगरीचं सांगायचं राहिलं. जानेवारीत ती रोज रडायची, मागे वळून बघायची, आणि मी भिंतीकडे तोंड करायचो. फेब्रुवारीत शब्द सुटे झाले. मग मी मोजायचं सोडलं.

आज वहिनीनं दुकानातून बटणं आणली, रद्दीच्या तुकड्यात बांधलेली. बटणं डबीत गेली, तुकडा जमिनीवर. मी बाहेर वह्या तपासत होतो. आतून भिंगरीचं हसणं ऐकू आलं, एकटीचं. थोड्या वेळानं ती तणतणत बाहेर आली. त्या तुकड्यावर एका न्हाव्याची आणि टकल्या गिऱ्हाइकाची गंमत छापलेली होती आणि नेमकी ऐन रंगात असताना कागद फाटलेला. मला म्हणाली की दुकानदाराला काही कळत नाही, कुठेही फाडतो.

धाकटे, ती गंमत मी तिला कधी सांगितलेली नाही. मला स्वतःलाच ती माहीत नाही.

मी काही बोलायच्या आत तिनं चपला घातल्या आणि उरलेला कागद मागायला दुकानाकडे पळाली. मी दारात उभा राहून बघत होतो. वहिनीही मशीन थांबवून आली. भिंगरी दिसेनाशी झाली तसा मी आत येऊन तुला लिहायला बसलो.

ती अजून आलेली नाही. आली की पुढचं तिलाच लिहायला सांगतो.

कायमचा तुझा ऋणी आणि तरीही तुझ्याहून मोठा,
दादा