मामाजींची हिरवी झेंडी

रविवार, संध्याकाळ. चौबे कॉलनी, रायपूर

आज मले बीरगावला आजारी आईकडे जायचं होतं. पण सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, हट्ट धरला अन् नवऱ्यानं गाडी त्यांच्या खेड्यातल्या जुन्या स्टेशनाकडे वळवली. मुलाचं कर्तव्य म्हणे! मुलीचं नसते काय?

त्या खेड्यात सासरे स्टेशन मास्तर होते. तेव्हा पॅसेंजर थांबायची, तिकिटं मिळायची, माठात गार पाणी असायचं. रोज जेवताना हेच ऐकून राहिली मी. आता तिथं एकही गाडी थांबत नाही, तिकिटाच्या खिडकीले फळ्या ठोकल्या आहेत. तरी मोतीबिंदू झालेले सासरे घरून आणलेली हिरवी झेंडी धरून फलाटावर ताठ उभे राहिले. मालगाडी धडधडत निघून गेली. शेवटच्या डब्यातून गार्डनंही उत्तरादाखल झेंडी दाखवायची, अशी त्यांच्या वेळची रीत.

"गार्डनं दाखवली ना रे?" त्यांनी विचारलं.

"हव बाबा, दाखवली," नवरा म्हणाला.

मले राहवलं नाही. "काहून खोटं बोलून राहिले? गार्ड नव्हताच त्या गाडीले. मामाजी, तुम्ही कोळशाच्या डब्याले झेंडी दाखवली."

नवऱ्यानं गाडी सरळ घरी आणली. मले वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. काहून नाही वाटलं?

आत्ता सासरे स्वयंपाकघरात आले. झेंडी काठीवरून काढून, नीट घडी करून माझ्यापुढे ठेवली. "सूनबाई, ओटा पुसाले घे."

घेतली. कापड चांगलं आहे, पाणी लवकर ओढते.