बायकोचं ‘कधीच नाही’, माझं ‘नेहमी’

३ फेब्रुवारी, सोमवार

शाळेतून फोन आला. मला वाटलं, पोरीने परत काहीतरी फोडलं! लिफ्टचं काम जोडीदाराच्या गळ्यात मारून ग्रीसच्या हातांनीच शाळेत पोचलो. बायको आधीच येऊन बसलेली. फोडलं काहीच नव्हतं. समुपदेशक बाई म्हणाल्या, पोरीला – आमच्या वावटळीला – एडीएचडी आहे का ते बघायचंय – म्हणजे लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ बसत नाही, ते. या वयाच्या मुलांचं नुसतं समोर बसवून कळत नाही म्हणे. आईवडिलांनी घरचं सांगावं लागतं. शिक्षकांनाही विचारणार, पुढे डॉक्टरही बघतील.

दोघांना एकेक प्रश्नावली दिली. वेगवेगळी भरायची, एकमेकांच्यात डोकावायचं नाही. मी म्हटलं, बाई, मी सावत्र. तीन वर्षं झाली फक्त या घरात येऊन.

“तीन वर्षं रोज बघताय ना? मग भरा.”

४ फेब्रुवारी

बायकोने चहा उकळेपर्यंत भरून टाकली. मी अजून पहिल्याच प्रश्नावर! ‘वस्तू हरवते का? कधीच नाही – कधी कधी – बऱ्याचदा – नेहमी.’ आमच्या धंद्यात लिफ्ट चालवून बघितल्याशिवाय ‘ठीक’ लिहीत नाहीत. म्हटलं, चार दिवस नीट बघतो, मग लिहितो.

ही म्हणाली, “पोरगी आहे ती, लिफ्ट नाही.”

खरंय. लिफ्ट निदान एखाद्या मजल्यावर थांबते!

६ फेब्रुवारी

बघतोय. वावटळ – पंधरा वर्षांची. हे नाव मीच पाडलं, तिलाही आवडतं – दात घासता घासता कपाट आवरायला घेते. कपाटात भोवरा सापडतो. भोवरा फिरवता फिरवता मला विचारते, “काका, लिफ्टचा दोर तुटला तर?” ब्रश तोंडातच. ब्रेक लागतो गं, असं मी सांगेपर्यंत बाईसाहेब गॅलरीत! हसून हसून पुरेवाट.

पण एक गोष्ट आजवर दिसली नव्हती. दप्तर भरताना ती स्वतःशी पुटपुटते – वही, डबा, किल्ली, वही, डबा, किल्ली. आणि तरी किल्ली राहतेच. माझा जीव तुटला. ‘नेहमी’वर खूण केली. खाली जागा नव्हती, म्हणून एक कागद जोडला: मुद्दाम करत नाही, आळशी नाही, खूप धडपडते.

८ फेब्रुवारी

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “तुम्ही दोघांनी एकाच मुलीबद्दल लिहिलंय ना?”

बायकोचं सगळं ‘कधीच नाही’. माझं ‘नेहमी’, ‘बऱ्याचदा’, वर पुरवणी! बाई हसल्या. मग बायकोला म्हणाल्या, किल्ली कोण शोधतं? मी. दप्तर कोण तपासतं? मी. सकाळी उठवतं कोण? “मीच की! आई आहे मी.”

“मग ही माहिती तुमची झाली. तिची कुठे आहे?”

आता आठवडाभर बायकोने हाताची घडी घालून बघायचं आणि प्रश्नावली नव्याने भरायची.

घरी आल्यावर स्फोट. “काकांनी लिहिलंय बघ तुझ्याबद्दल – नेहमी हरवते, नेहमी विसरते! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!” मग माझ्याकडे वळून, “पोटची असती तर लिहिलं असतंस असं?” वावटळीच्या देखत. ती माझ्याकडे एकटक बघत राहिली, मग खोलीत गेली. दार लावलं.

९ फेब्रुवारी

वावटळ माझ्याशी बोलत नाही. घर कसं शांत शांत. नको ही शांतता!

११ फेब्रुवारी

बायकोची घडी सुटता सुटत नाही – पण जीव नुसता वरखाली! सकाळी गॅलरीत पाठ करून उभी राहते. “तुझा टॉवे... काही नाही, काही नाही.” आज वावटळीने कॅल्क्युलेटर समजून टीव्हीचा रिमोट नेला. गणिताच्या बाई म्हणाल्या, उत्तर येत नसेल तर चॅनल बदल! हे तिने जेवताना आईला सांगितलं. मी खो खो हसलो. तिच्याही ओठांपर्यंत हसू आलं होतं, माझ्याकडे बघितल्यावर गिळलं. तिला गमावलं की काय मी? खरं लिहिलं एवढाच गुन्हा.

१४ फेब्रुवारी

बायको कामावरून आली तर वावटळ जिन्यात बसलेली. किल्ली घरात. चाचणीचा पेपरही हुकला – वेळापत्रक उलटं वाचलं. रडत नव्हती म्हणे, सवय असल्यासारखी बसली होती.

बायको स्वयंपाकघरात मुसमुसत होती. “कडेवर घेऊन फिरवत होते रे तिला, आणि म्हणत होते – बघा, किती छान चालते!” मग डोळे पुसून प्रश्नावली मागितली. लिहिता लिहिता म्हणाली, “त्या दिवशी तोंडाला येईल ते बोलले.”

मी म्हटलं, चहा टाक आधी. झालं, मिटलं आमचं. दोघांचं.

१७ फेब्रुवारी

दिली प्रश्नावली. या वेळी आमचं इतकं जुळलं की बाईंना शंका आली, डोकावलात की काय! डॉक्टरांची वेळ मिळाली. तोवर शाळेत पुढचा बाक आणि अभ्यासाचे छोटे छोटे तुकडे. बायको खूश. वावटळ परत येताना आईशी अखंड बडबडत होती. मी मागून चालत होतो.

१८ फेब्रुवारी

स्टूल दुरुस्त करत बसलो होतो, ती येऊन शेजारी टेकली. “काका, शाळेने काही शोधून काढलं नव्हतं. मीच गेले होते बाईंकडे.” हातोडी थांबली माझी. “आईला किती वेळा विचारलं. ती म्हणायची, तुला काही झालेलं नाही. म्हणजे मी नुसती वाईटच आहे, असं वाटायचं मला. तुम्ही ‘नेहमी’ लिहिलंय म्हटल्यावर कळलं, कुणाला तरी दिसतंय.”

मग इतके दिवस अबोला का गं?

“बोलले असते तर रडले असते ना!”