सगळ्यांचा एकेक घाव

मी खाली सही करणारा, वय चोवीस, धंदा जुन्या इमारती पाडणे, आज दारू न पिता, अंगात ताप नसताना आणि कुणी मानगूट धरलेली नसताना हे लिहून ठेवतो. उजवीकडचे दात पडलेत, पण डोकं जागेवर आहे. उद्या मी कोर्टात साक्ष देणार. मुकादमाचा निरोप आलाय, "पायरी चढलास तर उतरायला पाय ठेवणार नाही." तो पोकळ धमक्या देत नाही, म्हणून ही घाई.

कलम एक. घरातला माझा हिस्सा आईच्या नावे. आई आहे तोवर दादानं तो विकायचा नाही, वहिनीनं कितीही तोंड वाजवलं तरी. वहिनी, राग धरू नकोस. मेलेल्या माणसाशी भांडून तुझाच घसा बसेल.

कलम दोन. माझे बूट आणि रेडिओ खोलीतल्या जोडीदाराला. तो गॅसच्या ज्योतीनं सळया कापतो, म्हणून त्याला सगळे गॅसवाला म्हणतात. घोरतो. माझा साबण वापरतो आणि विचारलं की आकाशाकडं बघतो. तरी बूट त्याच्याच मापाचे आहेत.

कलम तीन. माझा घण कुणालाच नाही. त्याच्या दांड्याच्या भेगांत रक्त मुरलंय, घासून जात नाही. उद्या तो मी कोर्टात ठेवणार. परत मिळालाच तर दांडा जाळा, लोखंड भट्टीत घाला.

ते रक्त चष्मेवाल्याचं. तो आमच्यातच कामाला होता. वर माणसं असताना मुकादम खालचे टेकू काढायला लावतो, हे त्यानं तपासणीच्या साहेबाला सांगितलं. काम बंद पडलं. साहेब गेल्यावर मुकादमानं त्याला तळमजल्यावर लोळवला.

आमच्या कामाची एक रीत आहे. मोठी भिंत पाडताना तिच्या बुडाशी प्रत्येकानं एकेक घाव घालायचा. पुढं काही वाकडं झालं तर एकट्याच्या माथी येत नाही. मुकादमानं जवळ पडलेला माझाच घण उचलला, चष्मेवाल्याच्या गुडघ्यावर हाणला आणि म्हणाला, "चला, सगळ्यांचा एकेक. मग कुणाचं तोंड उघडणार नाही."

एकेक जण पुढं झाला. कुणी डोळे मिटून, कुणी शिवी देऊन. हाड मोडल्याचा आवाज विटेसारखा येत नाही, ओला येतो. तो आधी आईला हाका मारत होता, नंतर नुसता फुरफुरत होता. शेवटी घण माझ्या हातात आला.

"हा माणूस आहे, भिंत नाही," मी म्हणालो.

"वा, चर्चचे पाळकसाहेब! इतक्या जणांना पटलं, तुला एकट्याला नाही?"

"उद्या इतकेच जण तुझ्यावर उठले, तर तेही बरोबर का?"

त्यानं पहार माझ्या तोंडावर घातली. शुद्धीवर आलो तेव्हा चष्मेवाल्यावर भिंत ढकललेली होती. बाकी सगळ्यांनी पोलिसांना सांगितलं, भिंत पडून मेला. मी एकट्यानं घडलं ते सांगितलं, त्यावर खटला उभा राहिला.

दादा, तू फोनवर म्हणालास, "न्याय करणारा तू कोण लागून गेलास?" कुणीच नाही रे. मुकादम म्हणतो, बरोबर काय ते माणसं ठरवतात. म्हणजे ज्याच्या हातात पहार, तो ठरवतो. माझी शाळा सहावीत सुटली, त्याच्याशी वाद घालायला माझ्यापाशी एकच गोष्ट आहे. प्रत्येक माणूस देवानं आपल्या प्रतिरूपात घडवला, हे आईनं शिकवलं. माझं सगळं त्या एका खांबावर उभं आहे. खालचा खांब काढल्यावर वरच्या मजल्यांचं काय होतं, ते मला कुणी शिकवायला नको. तो काढला तर मीही मुकादमच, फक्त हात रिकामा असलेला.

कलम चार, आणि हे नीट वाच, दादा. माझं बरंवाईट झालं म्हणून तू कोयता घेऊन इकडं यायचं नाहीस. मुकादमही त्याच प्रतिरूपातला आहे, दिसत नसला तरी. मलाच त्याची कवटी फोडायची होती. शुद्धीवर आलो तेव्हा घण हाताशी होता, तो पाठमोरा उभा होता, आणि माझे हात शिवशिवत होते. 'खून करू नको' या ज्या आज्ञेनं चष्मेवाल्यावरचा हात थांबला, तिनंच तोही थांबवला. सोयीपुरती आज्ञा नसते. तू हात उचललास तर माझ्या मातीला खांदा देऊ नकोस.

कलम पाच. मुकादमासाठी माझी रोजची प्रार्थना. दात-ओठ खाऊन करतो, जेवढे दात उरलेत तेवढे. मी गेल्यावर ती आईनं चालवावी. आई, जड जाईल. तरी कर. शास्त्राचं पुस्तक, तू दिलेलं बायबल, तुलाच परत.

हे मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवलं. गॅसवाल्यानं कागद घेऊन पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाला, "माझा घाव लिहिला नाहीस."

"तो तुझा तू लिही."

ठिकाण: जिन्याखालची खोली. तारीख: साक्षीच्या आदल्या दिवशीची.

सही: मृत्युपत्र करणारा.

साक्षीदार: खोलीची मालकीण. पोरगा शुद्धीत आहे. जेवून गेला तर बरं होईल.

साक्षीदार: गॅसवाला. ऐकलं ते सगळं खरं. माझा घाव छातीवर होता. उद्या मीपण कोर्टात येतो. साबणही मीच वापरतो.